खालचा रस्ता

यासेनोवोच्या फुटबॉल क्लबचा कोच राडुले याचा आवाज पार पुलापर्यंत जातो असं गावात म्हणत, आणि त्यात फुगवून सांगितलेलं काही नव्हतं. तो पोरांचा सराव घ्यायला लागला की मैदानाला लागून राहणारी विदोसावा म्हातारी खिडकी उघडायची आणि ओरडायची, "राडुले, हळू रे मेल्या! दूध नासलं माझं!"

"मग चीज कर, मावशी!" तो आणखी वरच्या पट्टीत उत्तर द्यायचा.

कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. तो काही हळू बोलायला शिकला नाही आणि तिने काही खिडकी बंद केली नाही. तिचा नातू बाल्शा आता क्लबचा कॅप्टन होता, त्यामुळे खिडकीत बसायला तिला आणखी एक निमित्त झालं होतं.

जूनमध्ये कोण कोणाशी खेळणार याचा ड्रॉ निघाला त्या दिवशी ती तिथेच शेंगा सोलत बसली होती. देशाच्या लीगमध्ये क्लब तिसरा आला होता. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

"काय रे, युरोपात गेलात म्हणे?" तिने विचारलं.

"कसलं युरोप, मावशी! स्पर्धा तीन, आम्ही सगळ्यात धाकटीत. तिच्याही पात्रता फेऱ्यांमध्ये, त्यातल्या पहिल्या. ही जिंकली की दुसरी, मग तिसरी, मग आणखी एक शेवटची. दर फेरीत दोन सामने, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, दोन्हीकडचे गोल एकत्र मोजायचे. एवढं सगळं पार पडलं तर खरी स्पर्धा सुरू. तीही शरद ऋतूत."

"आणि मोठे क्लब?"

"ते थेट शरदातच उगवतात. आत्ता समुद्रावर पालथे पडलेत."

"का म्हणून?"

"कारण ते मोठे आहेत."

"आणि मोठे कसे झाले?"

"दरवर्षी थेट शरदात उगवून!" राडुलेने भिंतीवर हात आपटला. "ड्रॉसुद्धा सरळ नाही. दोन भांडी. ज्यांची मागची पुण्याई मोठी ते एका भांड्यात, आमच्यासारखे दुसऱ्यात. एक चिठ्ठी इकडची, एक तिकडची. म्हणजे दुबळ्याच्या वाट्याला दुबळा येताच कामा नये!"

विदोसावाने शेंगेतला किडका दाणा खिडकीबाहेर फेकला. "म्हणजे लग्नात पाहुण्यांनी जेवायचं, आणि उरलेल्यांनी अंगणात आधी मारामारी करायची. जो उरेल त्याला आत घेणार, तेही ताटं उचलायला."

"अगदी तसंच!"

"मग जाता कशाला?"

याचं उत्तर राडुलेकडे होतं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. याच मैदानावर पोरगा म्हणून खेळला, माणूस म्हणून खेळला, गुडघा गेला तेव्हा कोच झाला. एकदा, फक्त एकदा, परदेशातला संघ या गवतावर यावा आणि हरून परत जावा, एवढंच त्याला हवं होतं. राजधानीत नको. इथे.

आणि तिथेच तर माशी शिंकली.

स्पर्धा भरवणाऱ्यांकडून एक प्रतिनिधी मैदान तपासायला आला. उंच, शांत, घाम न येणारा माणूस. त्याने खुर्च्या बघितल्या, डॉक्टरची खोली बघितली, पाहुण्यांच्या मोऱ्या बघितल्या. गावाने महिनाभर राबून सगळं उभं केलं होतं. दिवे नव्हते, पण सामना पाचला ठेवला तर चालेल असं तो म्हणाला. सगळं जमत आलं होतं. मग क्लबचा अध्यक्ष वुकोटा याने त्याला कोकराचं मटण खाऊ घातलं आणि घरी गाळलेली राकिया पाजली, आणि तिसऱ्या पेल्यानंतर स्वतःच्या तोंडाने ती गोष्ट सांगितली. कोणी विचारलीही नव्हती. आम्हाला आमच्या कौतुकाची एवढी हौस, की फाशी देणाऱ्यालाही दोर कुठे बांधायचा ते आम्हीच दाखवू.

गोष्ट अशी. यासेनोवोच्या दरीत सपाट जमीन म्हणून तेवढीच. एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला दफनभूमी, मध्ये मैदान. चर्चकडून दफनभूमीकडे जाणारा खालचा रस्ता मैदानाच्या कडेने जातो, मध्ये फक्त कमरेएवढी दगडी भिंत. प्रेतयात्रा निघाली आणि घंटा वाजली की खेळ थांबतो. चेंडू असेल तिथे राहतो, खेळाडू हात पुढे बांधून उभे राहतात, बघणारे टोप्या काढतात. यात्रा वळणाआड गेली की पंच शिटी वाजवतो आणि खेळ होता तिथून सुरू होतो. बाहेरगावच्या पंचांना हे सामन्याआधी कॉफीबरोबरच सांगून ठेवतात, आणि आजवर एकानेही हरकत घेतलेली नाही. राडुले स्वतः बापाच्या पेटीमागून त्या रस्त्याने चालला होता. भिंतीपलीकडे शेजारच्या गावचा संघ उभा होता, ज्यांच्याशी दरवर्षी मारामारी ठरलेली. त्यांच्यातल्या ज्या धिप्पाड गड्याने आदल्याच वर्षी त्याचं नाक फोडलं होतं, तोही मान खाली घालून उभा होता. राडुलेने त्या दिवशी त्याला माफ करून टाकलं.

वुकोटाने हे सगळं रंगवून सांगितलं. प्रतिनिधीने पेला खाली ठेवला आणि वही काढली.

"म्हणजे सामन्याच्या वेळी हा रस्ता उघडा असतो?"

झालं. अट आली. सामना असेल तेव्हा खालचा रस्ता बंद, फाटक टाकून, पोलीस उभा करून. आणि खेळ थांबणार नाही. दुखापत, वीज, दंगा, एवढ्यासाठीच पंच खेळ थांबवू शकतो. मान्य असेल तर इथे खेळा, नसेल तर राजधानीत.

"आमच्या मेलेल्यांनी आता परदेशातून परवानगी मागायची का?" राडुले गरजला.

"ओरडू नकोस," वुकोटा पडेल आवाजात म्हणाला. "एका दिवसाचा प्रश्न आहे. त्या दिवशी कोणी मरणार नाही."

"तू आधी तोंड आवरलं असतंस तर मरायची परवानगी तरी राहिली असती!"

पण मान्य केलं. राडुलेनेच केलं, दात ओठ खात. इथे खेळायचं तर दुसरा मार्ग नव्हता.

पहिला सामना उत्तरेतल्या एका बंदराच्या गावात झाला. तिथे रात्री दहालाही उजेड होता आणि गवत गालिच्यासारखं होतं. एक-एक बरोबरी झाली. विमानातून उतरून बसने डोंगर चढेपर्यंत पोरं गात होती. गुरुवारी आपल्या घरी नुसतं जिंकलं की झालं.

मंगळवारी संध्याकाळी विदोसावा गेली. खिडकीतच, खुर्चीत बसल्या बसल्या.

बुधवारी सकाळी चौकातल्या खांबावर काळ्या चौकटीतला तिच्या निधनाचा कागद लागला. खाली सामन्याचं पोस्टर होतं. लावणाऱ्याने ते झाकलं जाणार नाही अशी काळजी घेतली होती, त्यामुळे दोन्ही एकाखाली एक दिसत होते. दोन्हींवर गुरुवार. म्हातारीचा मुलगा जर्मनीहून गाडी हाकत येत होता आणि सीमेवर उन्हाळ्याच्या रांगा लागल्या होत्या. तो पोचायच्या आत उरकणं शक्य नव्हतं. भर उन्हात यात्रा काढत नाहीत. आणि शुक्रवारपर्यंत ठेवायला गावात थंड खोली नाही. चर्चमधली प्रार्थना सहाला ठरली.

राडुले दुपारी विदोसावाच्या घरी तिच्या मुलीकडे, रात्काकडे गेला. ती बाल्शाची आई. दोघं एका वर्गात शिकली होती. काळ्या कपड्यातल्या बायका भिंतीशी बसल्या होत्या. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"रात्का, वेळ वाईट आहे, मला कळतंय. पण एक मागणं आहे."

"बोल. तुला हळू बोलता येतं हे आज कळलं."

"यात्रा वरच्या रस्त्याने न्या."

"वरच्या?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तो शेळ्यांचा रस्ता आहे, राडुले. तिथून पेटी न्यायची?"

"रस्ता बंद नसेल तर ते सामनाच काढून घेतील. बाल्शा कॅप्टन आहे. त्याचंही आयुष्य आहे यात."

"आई शहाऐंशी वर्षांची होती. या खिडकीसमोरून गावची किती माणसं गेली असतील, मोज. प्रत्येकासाठी ती उभी राहिली. पाय सुजले होते तरी, खिडकीची चौकट धरून."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय! हा नियम मी केला का? मला काय हौस आहे? त्या लोकांना—"

"हळू," रात्का म्हणाली. "आई आत आहे."

तिने रुमालाने टेबलावरचं काहीतरी पुसलं, तिथे काही नव्हतंच.

"फादरना विचारते," ती म्हणाली. "आणि बाल्शा खेळेल. आजी गेली म्हणून त्याचे पाय गेलेले नाहीत. तिलाच आवडलं नसतं ते."

राडुले निघाला तो काम झालं असं समजून. नड असलेल्या माणसाला 'विचारते'सुद्धा 'हो'सारखं वाटतं. बाहेर पडल्यावर त्याने वुकोटाला सांगितलं, वुकोटाने प्रतिनिधीला सांगितलं, आणि सगळे खूश झाले.

गुरुवारी मैदान चारच्या आधीच भरलं. बायका सूर्यफुलाच्या बिया पदरात घेऊन आल्या होत्या, पोरं भिंतीवर ओळीने बसली होती. कपडे बदलायच्या खोलीत राडुलेने दार लावून घेतलं.

"आज काहीही होवो, थांबायचं नाही. घंटा वाजो, आभाळ कोसळो. पंचाची शिटी वाजेपर्यंत खेळायचं. समजलं?"

दहा माना हलल्या. बाल्शा बुटाची नाडी बांधत होता. दंडावर कॅप्टनच्या पट्टीवर काळी फीत. राडुलेने पुन्हा विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही असं म्हणा.

पहिला अर्धा भाग कोरडा गेला. दुसऱ्यात, सूर्य डोंगराला टेकायच्या बेताला आला तेव्हा, कॉर्नरवरून आलेला चेंडू बाल्शाने डोक्याने आत घातला. मैदान फुटल्यासारखं झालं. वुकोटाने शेजारी बसलेल्या प्रतिनिधीला मिठी मारली आणि त्या माणसाला पहिल्यांदा घाम आला. राडुले कोणालाही मिठी न मारता ओरडत राहिला. जागा धरा, मागे या, वेळ काढू नका, खेळा. दहा मिनिटं उरली, मग पाच.

आणि घंटा वाजली.

राडुलेने मान वळवली. खालच्या रस्त्यावर, फाटकापाशी, काळी गाडी उभी होती. मागे फादर, त्यांच्या मागे माणसं, माणसांत सगळ्यात पुढे रात्का. फाटकावर गावचाच पोलीस होता. आजच्या दिवसासाठी त्याने नवा कोरा गणवेश घातला होता. त्याने गाडीकडे बघितलं, रात्काकडे बघितलं. मग फाटक स्वतःच्या हाताने वर केलं, टोपी काढली आणि बाजूला उभा राहिला.

गाडी मैदानाच्या कडेने हळूहळू निघाली.

आधी भिंतीवरची पोरं खाली उतरली. मग खुर्च्यांचा आवाज झाला, सगळे उठले. टोप्या उतरल्या. तोंडातल्या बियासुद्धा कोणी चावेना. बाल्शाच्या पायाशी चेंडू होता. त्याने त्यावर तळवा ठेवला, आजीच्या गाडीकडे बघितलं, पाय उचलला आणि हात पुढे बांधून उभा राहिला. बाकीचे दहाही राहिले. गोलकीपरने हातमोजे काढले.

पाहुणे गोंधळले. त्यांचा नऊ नंबरचा, विशीतला पोरगा, चेंडूपासून दोन पावलांवर होता. तोही थांबला. पंच इकडेतिकडे बघत होता, शिटी तोंडात होती आणि वाजत नव्हती.

एवढ्या शांततेत एकच आवाज आला, आणि तो राडुलेचा होता.

"खेळा! थांबू नका! खेळा म्हणतो ना, खेळा!"

डोंगरावरून तो आवाज परत आला. खेळा.

नऊ नंबरच्या पोराने दचकून आवाजाकडे बघितलं. मग चेंडूकडे. मग तो निघाला. कोणी आडवं आलं नाही. गोलकीपर हातमोजे हातात धरून गाडीकडे बघत होता. जाळ्याला चेंडू लागल्याचा आवाज पलीकडच्या बाजूलाही ऐकू आला. पंचाने मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं. गोल.

लोक तरीही बोलले नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत कोणी शिटीसुद्धा मारली नाही. ती गेली, आणि मग जो गदारोळ उठला तो यासेनोवोने कधी ऐकला नव्हता. बाटल्या आल्या, शिव्या आल्या. राडुले तोवर मैदानात घुसला होता.

"चोर! मेलेल्या बाईच्या समोर चोरी! आई नाही तुम्हाला? तुमच्याकडे माणसं मरत नाहीत?" त्याने पंचाला ऐकवलं, त्यांच्या कोचला ऐकवलं, आणि शेवटी त्या पोराला गाठलं. "आणि तू! लाज नाही वाटली? सगळे उभे होते, आणि तू पळालास?"

पोरगा पांढरा पडला होता. तो यांच्याच भाषेत बोलला, मोडक्या, लहानपणी घरात ऐकलेल्या भाषेत. त्याचे आजी-आजोबा डोंगराच्या पलीकडून तिकडे कामाला गेलेले.

"काका, मीपण थांबलो होतो. मला वाटलं, आमच्याकडे आजी सांगायची तसं काहीतरी आहे. पण तुम्ही ओरडलात, खेळा. तुम्ही इथले मोठे. मला वाटलं, चालतं."

राडुलेचं तोंड उघडं राहिलं. त्यात भरपूर शब्द होते, एकही या पोराला लागू पडेना. पंचाने त्याला लाल कार्ड दाखवलं ते त्याला नीट कळलंही नाही.

बाहेर काढलेल्या कोचला मैदानात थांबता येत नाही. त्याला मैदानाच्या फाटकातून बाहेर नेलं आणि तो खालच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तिथून भिंतीवरून सगळं दिसत होतं. दोन्ही सामन्यांचे मिळून दोन-दोन झाले होते, म्हणून जादा अर्धा तास. पोरं थकली होती, त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की डावी बाजू उघडी पडते आहे. राडुलेला ती उघडी पडलेली दिसत होती. तो पुलापर्यंत ऐकू जाईल असं ओरडू शकला असता. तो भिंतीवर हात ठेवून नुसता बघत राहिला. पाहुण्यांचा गोल डाव्या बाजूनेच झाला.

सामना संपल्यावर लोकांनी पोरांना टाळ्या वाजवल्या. बाल्शा तसाच, चिखलाच्या बुटांनी, दफनभूमीकडे गेला.

अंधार पडायच्या आत राडुले रात्काच्या अंगणात पोचला. टेबलं मांडली होती, माणसं हळू आवाजात बोलत होती. त्याच्यासमोर राकियाचा पेला आला. तो उभ्यानेच सुरू झाला.

"दरोडा आहे हा! मी अर्ज करणार, वरपर्यंत जाणार. अशी पात्रता असते का? ज्यांना सगळं आहे ते शरदात येणार, आणि आम्हाला उन्हाळ्यात आमच्याच दारात नागवणार! त्या प्रतिनिधीला, त्या पंचाला, त्या..." पोराचं नाव घ्यायला तो थांबला. आणि घेतलं नाही.

रात्का समोर बसली होती.

"राडुले, एक विचारू? मी आईच्या मागून चालत होते. सगळं शांत होतं. खरं सांगते, एवढं शांत कुणासाठीच झालं नव्हतं. भिंतीपलीकडून फक्त एकच आवाज येत होता. कोणाचा होता रे?"

टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले.

"माझा," राडुले म्हणाला.

"वाटलंच." तिने बाटली उचलून त्याचा पेला भरला. तो भरलेलाच होता, थोडी राकिया जमिनीवर सांडली. "आई तुला आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आली. एवढी एकच."

"हो," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या वुकोटाने त्याच्याकडे कान केला.

"काय म्हणालास?"